सुपारीआधीची तपासणी

डॉक्टर साजियांनी पहिला कागद वाचून खाली ठेवला.

टेबलासमोर तिघं बसली होती. मधे कल्याण, एका बाजूला त्याची आई दैवशाला, दुसऱ्या बाजूला मामा भागवत. भागवतची लेक दीपमाला कल्याणला द्यायची, हे दोन्ही घरांत कधीपासून बोललं जात होतं. पोरांचीही ना नव्हती. पण कल्याणचे वडील राधेश्याम साखरेच्या आजारानं पन्नाशीच्या आतच गेले. आता तोंडावर आलेली संक्रांत झाली की सुपारी फोडायची, तर भागवत अडून बसला. आधी पोराचं रक्त तपासा, मंग सुपारी. बापाची साखर लेकात उतरते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

काल सकाळी तिघंही भोकरदनच्या या दवाखान्यात उपाशीपोटी आली होती. भागवतच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात चप्पल. नवा बूट चावला, हळद लावलीय, असं त्यानं कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं होतं. कल्याणचं रक्त काढून झालं तेव्हा दैवशालानं बाही वर सारून आपला हात पुढे केला.

"माझंबी घ्या. पोराला एकट्याला आरोपी करू नका."

भागवत हसला होता. आक्काचं रक्त घेऊन काय करता, आमच्या घराण्यात साखर न्हाईच, असं त्यानं डॉक्टरांना ऐकवलं होतं. या बहीणभावाचे वडील म्हातारपणापर्यंत गुळाचा खडा चघळत जगले. आई लवकर गेली, पण ती काट्यानं.

"कल्याणचं सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या.

कल्याणनं घामेजलेले हात पँटला पुसले. भागवतनं घरी कळवायला फोन काढला. डॉक्टरांनी त्याला हातानंच थांबवलं आणि दुसरा कागद उचलला.

त्या सावकाश सांगू लागल्या. रक्तात चरबी मोकळी फिरत नाही. गाड्यांतून कापूस जावा तशी ती ठरावीक प्रथिनांवरून वाहून नेली जाते. दैवशालाच्या रक्तात अशा गाड्यांची फार गर्दी झाली होती. साखरही बरीच चढलेली होती. हा कल घराण्यातून येऊ शकतो. बापाकडून जसा, तसाच आईकडून. लेकीत उतरतो तसा लेकातही. घरातल्या बाईचं रक्त मात्र कुणी तपासत नाही, म्हणून घराला वाटतं, आपण बिनघोर आहोत.

"आमच्याकडं कुणालाच न्हाई," भागवतचा आवाज चढला. "बिलकुल न्हाई."

"मामा, तुमच्या आई कशानं गेल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"काट्यानं. बाभळीचा काटा रुतल्ता पायात."

"काढला नव्हता?"

"त्याच दिवशी काढल्ता. पण जखम भरलीच न्हाई. हळद लावून लावून..."

फोन त्याच्या हातात तसाच राहिला.

दैवशालानं स्वतःच्या कागदाकडे अजून एकदाही पाहिलं नव्हतं. ती भावाच्या चपलेकडे पाहत होती. पायाला बांधलेल्या, हळदीनं पिवळ्या चिंधीच्या कडेनं अंगठा काळपट दिसत होता.

"भागवत, तो बूट तुला चावला कधी रे?"

भागवतनं पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"पोळ्याला," तो म्हणाला.