जोडीदारीण

चांगुणाबाईंच्या डोळ्यावरची पट्टी सकाळी निघाली आणि दुपारी शेजारची सरस्वती कालच्यासारखीच त्यांच्या ओट्यापाशी भाकऱ्या थापायला उभी राहिली. चांगुणाबाई काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. शेगडीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, पदर डोळ्याला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्वतःच्या घरात नुसतं बसून राहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती आणि ती त्यांना मुळीच मानवत नव्हती.

समोर स्टुलावर मनस्वी होती. खारघरची ही मुलगी डोळ्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेत संशोधन करते. गेल्या वर्षी शिरवण्याच्या या चाळीतल्या बायकांना मोतीबिंदूच्या फुकट ऑपरेशनची तारीख मिळाली, न्यायला गाडी आली, आणि गाडी रिकामी परत गेली. बायका घाबरतात, असं म्हणून दुसऱ्या कुणी फाइल मिटली असती. मनस्वी घरोघरी जाऊन विचारत बसली. उत्तर सगळीकडे एकच: मालक आणि पोरं मार्केटात हमालीला जातात, त्यांच्या भाकऱ्या कोण थापणार? तिनं डबे द्यायचं सुचवलं तेव्हा बायका हसल्या. डब्यातल्या चपातीवर पोती उचलायची का, म्हणाल्या. मग त्यांनीच तोडगा काढला. दोघी-दोघींची जोडी करायची. एकीचं ऑपरेशन झालं की दुसरीनं तिचं घर सांभाळायचं, महिन्याभरानं दुसरीचा नंबर. संस्थेनं हा तोडगा जसाच्या तसा उचलला. कौतुक वाटावं ते याचंच.

पहिला नंबर कुणाचा हे बायकांवरच सोडलं होतं, आणि त्यावरून या दोघींची चांगलीच जुंपली. मी थोरली, आधी मी, असं चांगुणाबाईंनी ठणकावलं. सरस्वतीनं पडतं घेतलं.

जोडीची ही पद्धत आता दुसऱ्या वस्तीत न्यायची होती. त्यात काय बदलू, असं मनस्वीनं विचारलं.

"हिला भाकरी शिकव," चांगुणाबाई म्हणाल्या. "कालपासनं करपलेलंच खातोय आमी."

सरस्वतीनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. चांगुणाबाईंनी नव्या डोळ्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. ती भाकरीकडे बघतच नव्हती. तव्यावर तळहात धरून धग जोखत होती, मग बोटांनी भाकरीची कड चाचपत होती. कड सापडेपर्यंत बोटं तव्याला लागत होती. त्या बोटांवर डाग होते, जुने आणि कालचेही.

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. डोळा दुखतोय का, असं मनस्वीनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"लिही," त्या म्हणाल्या. "जिला कमी दिसतं तिचं आधी. आन् ते आमाला विचारू नगा, आमी भांडतो. तुमीच तपासून ठरवा."

"मला दिसतंय की, अक्का," सरस्वती पुटपुटली.

"दिसतंय म्हनं. गप ऱ्हा."

मनस्वीनं लिहून घेतलं. हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं, असं ती उघड म्हणाली. सरस्वतीची तारीख अलीकडे आणता येते का, ते आजच डॉक्टरांना विचारते, असंही म्हणाली. तोवर चांगुणाबाईंनी मात्र शेगडीजवळ जायचं नाही.

"न्हाय जात."

त्या पलंगाच्या कडेला सरकल्या आणि जिथून तवा नीट दिसेल अशा बसल्या.

"सरस्वते, हात मागं घे. उलथनं धर. मी बघते."

सरस्वतीनं हात मागं घेतला. चाचपून उलथनं उचललं.

"आता उलट."

सरस्वतीनं भाकरी उलटली.

"थांब. गडबड नगं." थोडा वेळ गेला. "हां. काढ."

सरस्वतीच्या तोंडावर गरम वाफ आली. तिनं भाकरी उतरवून ताटलीत ठेवली आणि पलंगाच्या दिशेनं मान वळवली.

"फुगली का गं, अक्का?"

"फुगली," चांगुणाबाई म्हणाल्या. "घाल दुसरी."