खिडकीपर्यंतची भेग

"पडतंय की काय असं वाटलं पाहिजे, पण पडता कामा नये," या हट्टानेच तिने कलादालनाचा आराखडा काढला होता. खांब कललेले, खुर्च्या तिरक्या आणि भिंतीवर मुद्दाम ठेवलेली, खिडकीपाशी येऊन थांबणारी भेग.

उद्घाटनाचं भाषण करताना तिची नजर तिकडे गेली. भेग खिडकी ओलांडून छताला भिडली होती. खालीच बसलेल्या बाबांच्या खांद्यावर सिमेंटचा भुगा पडत होता.

"बाबा, उठा! पळा सगळे, भिंत पडतेय!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

लोक क्षणभर दचकले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"लहानपणापासून अशीच नाटकी आहे आमची लेक," बाबा शेजारच्याला कौतुकाने म्हणाले आणि खुर्ची भिंतीला टेकवून ऐसपैस बसले.