ओळखीचा वास

“घरच्या माणसाचा वापरलेला कपडा पेटीत अंथरा. ओळखीच्या वासानं मांजर प्रवासात शांत राहील,” असं जनावरांच्या डॉक्टरांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगितलं होतं. नवरा कामावर गेल्या गेल्या तिनं खुर्चीवरचा हाताला लागला तो कपडा अंथरला, मनीला पेटीत ठेवलं आणि बस गाठली.

बस सुटली तरी मनी थरथरत होती, जाळीला नखं मारत होती. बाईनं वाकून पाहिलं, तर तो नवऱ्याचा शर्ट! त्याची चाहूल लागली की मनी पलंगाखाली शिरायची आणि बाईचे हात मशीनवर गोठायचे. तिनं शर्ट ओढून काढला, सीटखाली भिरकावला आणि अंगावरची शाल आत सारली. थोड्याच वेळात मनी मुटकुळं करून झोपली.

दुपारी जेवायला घरी आलेल्या नवऱ्याचा फोन आला. “मांजर घेऊन कुठं उलथलीस? त्याला प्रवास सोसत नाही, कळत नाही का? मुकाट्यानं घरी ये!”

नऊ वर्षांत तिनं त्याला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं.


“प्रवास छान सोसतोय,” ती म्हणाली. “घर सोसत नव्हतं. आम्हा दोघींनाही.”