उन्हातली रेनपँट

"ही वाजते," म्हातारा म्हणाला आणि तिसरी रेनपँटही त्याने काउंटरवर टाकली.

"आबा, रेनपँट आहे ती, वाजणारच," त्याचा मुलगा म्हणाला. "मासे काय पाण्याखाली कान लावून बसलेत होय?"

दुकानदार हसला. म्हातारा नाही हसला. त्याने चौथी उचलली, बोटांनी चुरगळली, कानाजवळ नेली, परत चुरगळली.

बाहेर ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पावसाचा पत्ता नाही आणि ह्या माणसाला पावसाळी पँट हवी. तीही वजनाला हलकी, काळीच, आणि नेहमीच्या पँटवरून सटकन चढणारी. मुलाचं डोकं फिरायची वेळ आली होती. पण तो नाकारलेल्या पँटी घडी करून बाजूला ठेवत होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता बिचारा, आणि ते एवढ्याचसाठी, की ह्या रविवारी तरी म्हातारा मासे धरायला घराबाहेर पडावा.

मिसरूड फुटल्यापासूनचा नेम होता तो. उन्हाळा लागला की दर रविवारी हा आणि ह्याचा एकुलता एक दोस्त तळ्यावर. दोस्त जुना ट्रकड्रायव्हर, होडी त्याची. होडी कसली, तरंगणारं पिंपच. बसायला एकच फळी. तिच्यावर दोघं चिकटून बसायचे, गळ टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना शिव्या घालायचे. मासा मिळाला तर मिळाला. ह्या उन्हाळ्यात मात्र म्हातारा एकदाच गेला, तो परत आल्यावर घरातच बसला. एका रविवारी खोकला, पुढच्या रविवारी गुडघा. जेवण तुटलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. काल ड्रायव्हरचा निरोप आला, ह्या रविवारी येत नसेल तर होडी विकतो, मी एकट्याने तिथे काय डास मारू?

निरोप ऐकून म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, "मला एक रेनपँट घ्यायचीय."

"ही जरा बरी वाटते," आता तो चौथीबद्दल म्हणाला. "दादा, पाणी आहे का?"

दुकानदाराने बाटली पुढे केली. म्हातारा काही प्यायला नाही. त्याने पँटचे पाय वर दुमडून धरले, कमरेचं तोंड उघडलं आणि बाटलीतलं पाणी आत ओतलं. मग बुडाकडचा भाग हवेत धरून खालून बघत राहिला.

"आजोबा, उलटं करताय तुम्ही," दुकानदार म्हणाला. "पाऊस बाहेरून लागतो."

शिवणीतून एक थेंब फुगला आणि पडला. मागोमाग दुसरा. मग धारच लागली.

"बाहेरच्याचं काही नाही रे," तो मुलाकडे न बघता म्हणाला. "आतलं बाहेर यायला नको."

दुकानदाराला एकदम मागच्या फळीवरचं काहीतरी आवरायचं सुचलं. मुलाला परवा ओली झालेली गाडीची सीट आठवली. बाटली सांडली, म्हणाला होता म्हातारा. आणि आपण बायकोदेखत त्याला फैलावर घेतलं होतं. एवढं कसं कळत नाही, झाकण लावायला काय होतं, असं काय काय बोललो होतो. म्हाताऱ्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं होतं.

"दुसरी बघू ना आबा. अजून आहेत." मुलाने पाचवी पुढे सरकवली.

"नको. एका फळीवर बसायचं असतं. आणि रखरखीत उन्हात हे चढवून गेलो तर तो पहिलं काय विचारेल? मोठ्या तोंडाचा आहे तो. अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल." त्याने पँट पिळली. "तूच लाव त्याला फोन. गुडघा धरलाय म्हण. होडी विक म्हणावं खुशाल. आणि हिचे पैसे देऊन टाक. ओली केलीय मी."

मुलगा फोन घेऊन दाराशी गेला.

"काका, आबांचा गुडघा जरा..."

"गुडघा झाला मागच्या रविवारी," ड्रायव्हर पलीकडून गुरगुरला. "त्याच्या आधी छाती झाली. आता कुठला अवयव काढलाय? सरळ सांग ना बाबा, कंटाळला मला. मी काही रडत बसणार नाही."

मुलाने मागे वळून बघितलं. म्हातारा त्याच गुडघ्यांवर बसून आपल्या रुमालाने दुकानाची फरशी पुसत होता. दुकानदार "राहू द्या, राहू द्या" म्हणत होता आणि हा ऐकत नव्हता. मुलाला पुढचं खोटं जमेना.

"तसं नाही हो काका. आम्ही दुकानात आहोत. त्यांच्यासाठी रेनपँट बघतोय. मनासारखी मिळत नाही."

"रेनपँट?"

"हो."

"ह्या उन्हात?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ड्रायव्हर बोलला, इतक्या हळू, की मुलाला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"वरून नको म्हणावं त्याला, आतून घाल. दोन उन्हाळे माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय गाढव, माझं कळलं का त्याला कधी?"