निरगुडीचा पाला

सन पंचावन्न, चांदा जिल्ह्यातलं तलावाकाठचं ढिवराचं घर. मनसारामचं लग्न ठरलं त्याच दिवशी त्याची माय चंदाबाई हिनं न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथल्या ओल्या मातीत, भर उन्हात, निरगुडीची फांदी रोवली. सून कुंता घरात आली तोवर झाड निळ्या तुऱ्यांनी लदबदलं होतं.

"बाई, हे झाड माह्यासाठी लावलं?"

"हो पोरी, तुह्यासाठीच."

पोळ्याला मनसारामनं कुंताला पहिल्यांदा बडवलं. चंदाबाईनं पाला तोडला, गरम केला आणि सुनेची सुजलेली पाठ शेकू लागली.

"माह्या सासूनंही लावलं होतं, माह्यासाठी," ती म्हणाली.

होळीला घरातून पुन्हा धपाधप आवाज आले. चंदाबाई सवयीनं पाला गरम करून आत गेली, तर मनसाराम भुईवर गुडघा धरून विव्हळत होता आणि कुंताच्या हातात डोंग्याचं वल्हं होतं.

"घ्या बाई, शेका त्यायले."

चंदाबाई लेकाचा गुडघा शेकत बसली.

 

"मले काऊन नाई सुचलं हे?" ती स्वतःशीच पुटपुटली.