पाचाच्या पुढचा तीन

"सत्तावीस पूर्णांक पाच, तीन, तीन, तीन..." अध्यक्षांनी आपला फोन घड्याळमास्तरांच्या नाकासमोर धरला. "सगळे नको, एकच तीन लिहा. यंत्र काही खोटं बोलत नाही."

"खोटं नाही बोलत. बडबड फार करतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेनला टोपण लावलं.

मैदानाच्या कडेची ती खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि चुन्याची पोती. टेबलावर तीन स्टॉपवॉच ओळीने ठेवली होती. दोनशे मीटरची धाव संपून अर्धा तास झाला होता. दोन घड्याळांत २७.५, तिसऱ्यात २७.६. तिसरं मास्तरांचं स्वतःचं. तिघांची सरासरी काढून निकाल लिहायचा, हा या मैदानाचा शिरस्ता.

प्रशिक्षण शिबिरात जागा एकच होती. आज धावलेल्या मुलीचा निकाल २७.५ किंवा त्याहून कमी आला, तर जागा तिची. जास्त भरला, तर राखीव यादीतल्या मुलीची. सगळं घोडं त्या पाचाच्या पुढच्या तीनवर अडलं होतं.

"तिन्ही घड्याळांना एकच दशांश कळतो," मास्तर म्हणाले. "तिघांची बेरीज ब्याऐंशी पूर्णांक सहा. भरवशाचे अंक तीन. मग भागल्यावर चौथा कुठून आला? तीन बहिरे शेजारी बसवले म्हणून त्यांना कुजबुज ऐकू येते का?"

"अहो, पण गणित..."

"गणितच सांगतोय. मोजमापात जेवढे सार्थ अंक, तेवढेच उत्तरात. पुढचे अंक भागाकाराचे. त्या मुलीच्या पायांचे नाहीत."

मास्तर तसे गरीब गाय. चहा गार आला तरी मुकाट पिणारे. पण वेळेचा विषय निघाला की त्यांच्या नादी कुणी लागत नसे. तीस वर्षांत त्यांनी मंत्र्याच्या पुतण्यालाही एक दशांश सूट दिली नव्हती. त्यापायी बढती हुकली, ती हुकलीच.

अध्यक्षांनी उठून दार लोटलं. आवाज खाली आणला.

"राखीव यादीतली मुलगी चार दिवसांपासून सामान बांधून बसलीय. घर कुणाचं आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"तिचं नाव या खोलीत काढायचं नाही."

"बरं, नाही काढत. पण या मैदानाने तुमच्याकडून तीस वर्षं घेतली आणि दिलं काहीच नाही. आज देण्याची वेळ आलीय, तर तुम्ही हात मागे घेताय."

"म्हणून सकाळीच म्हटलं होतं, आज मला घड्याळ देऊ नका. तुम्हीच ऐकलं नाहीत."

"मुद्दामच नाही ऐकलं." अध्यक्ष टेबलावर ओणवे झाले. "मास्तर, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. घरच्यांचा तरी विचार करा. संध्याकाळी दारात कुठल्या तोंडाने उभे राहाल?"

मास्तरांना संताप आला. अध्यक्षांचा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण मघाशी पेन उघडल्यावर त्यांची बोटं क्षणभर कागदावर थांबली होती, आणि ते अध्यक्षांनी पाहिलं होतं.

खिडकीतून बाहेरची पायरी दिसत होती. आज धावलेली मुलगी तिथे बसून पायातले बूट काढत होती. बूट एक माप मोठे, म्हणून टोकांत कापूस कोंबलेला. एकाची नाडी निळी, दुसऱ्याची पांढरी. उसने आणलेले, हे कुणीही ओळखलं असतं. ती कापूस बोटाने कोरून काढत होती आणि मान वर करून खोलीकडे पाहत नव्हती.

मास्तरांनी टोपण काढलं. निकालाच्या चौकटीत २७.५ लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद अध्यक्षांकडे सरकवला.

"खाडाखोड करायची असेल तर तुमच्या हाताने करा. शेजारी तुमची सही लागेल. आणि उद्या कुणी विचारलं, तर तो तीन कुणी पाहिला, हे सांगावं लागेल. मी तर पाहिला नाही."

अध्यक्षांनी कागद उचलून वाचला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. मग त्यांनी फोन खिशात टाकला.

"तुमच्यासारखा हट्टी माणूस नाही पाहिला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

बाहेर निकाल ऐकून मुलीने आधी आपल्या प्रशिक्षकांकडे पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने ती अनवाणीच मास्तरांजवळ आली. तिने बूट पुसून वर्तमानपत्रात गुंडाळले होते.

"हे परत द्यायचेत. तिला सांगाल ना, खूप उपयोग झाला म्हणून?"

"पोचवतो," मास्तर म्हणाले.

घरी जायला एरवी दहा मिनिटं लागत. आज मास्तरांनी अर्धा तास लावला. वाटेत दोनदा थांबून उगाचच दुकानांच्या पाट्या वाचल्या. पण उद्या पुन्हा कागद समोर आला असता, तरी त्यांनी तेच लिहिलं असतं.

दार उघडंच होतं. उंबरठ्याच्या आत एक भरलेली बॅग होती. तिला टेकून एक मुलगी बसली होती.

"किती?" तिने विचारलं.

"सत्तावीस पूर्णांक पाच."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

मग हात पुढे करून तिने त्यांच्या काखेतला पुडा ओढून घेतला, कागद उलगडला आणि निळ्या-पांढऱ्या नाड्यांची एकमेकींशी घट्ट गाठ मारली.

"हे परत कशाला आणलेत, बाबा? शिबिरात ती काय अनवाणी धावणार?"