छापील फॉर्मात नसलेला प्रश्न

चाळिसाव्या घरातही रुचिराला तेच उत्तर मिळालं. पहिली नोकरी कशी मिळाली? मेहनतीनं.

मुलुंडच्या त्या सोसायटीत सगळेच इतके मेहनती कसे, हा काही तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय नव्हता. विषय होता श्रीमंत शहरातली विषमता आणि तिची कारणं. पण कुतूहल गप्प बसेना. म्हणून दहाव्या घरापासून तिनं छापील फॉर्मखाली पेन्सिलीनं एक प्रश्न वाढवला होता: जागा रिकामी आहे, हे कुणी सांगितलं?

मग गंमत सुरू झाली. कुणाचे मामा बँकेत होते, कुणाच्या वडिलांचा वर्गमित्र कंपनीत साहेब होता, कुणाच्या सासऱ्यांनी नुसता एक फोन केला होता. लपवत कुणीच नव्हतं. चिवड्याची बशी पुढे करत सगळे हसतमुखानं सांगत. पहिल्या उत्तरात हे धरायचं असतं, एवढंच बिचाऱ्यांना सुचलं नव्हतं.

मागच्या रविवारी तिनं घाटकोपरला घरी वडिलांनाही फॉर्मातला पहिला प्रश्न विचारून पाहिला होता. दत्ताराम तीस वर्षं एका ऑफिसात शिपाई, रोज पहाटे पाचला उठणारे. त्यांना विचारही करावा लागला नाही. नोकरीचं ते आपल्या मालवणीत सांगून मोकळे झाले.

"आपल्या वाडीतल्या भिकाजीन चिकटवल्यान माका."

भिकाजी स्वतःही शिपाईच होता. म्हणजे ओळख सगळ्यांनाच होती, फक्त कुणाची कुठवर पोचते एवढाच फरक. रुचिराला प्रबंध सापडला आणि वडिलांसाठी वाईटही वाटलं. मेहनत हा शब्द त्यांच्या तोंडी आलाच नव्हता.

चाळिसाव्या घरातले देवदत्तकाका निवृत्त अधिकारी होते. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी तिचीच चौकशी केली. साठ अर्ज केलेत, एकाचंही उत्तर नाही, बाबा या वर्षी रिटायर होतायत, असं ती सांगून गेली. काकांनी तिथल्या तिथे अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत फोन लावला. मुलगी हुशार आहे, बघ जरा, एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्यात ती तिथे रुजू झाली.

त्याला आता चार वर्षं झाली. रुचिरा राब राब राबली, तिला दोनदा बढती मिळाली. तिच्या प्रबंधाचं कॉलेजात कौतुक झालं, आणि यंदा तेजल नावाची विद्यार्थिनी त्यातलेच प्रश्न घेऊन तिच्या केबिनमध्ये आली.

"ताई, पहिली नोकरी कशी मिळाली?"

"मेहनतीनं गं," रुचिरा म्हणाली आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

तेजलनं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न वाचला. पेन्सिलीतला तो प्रश्न आता फॉर्मात छापलेला होता. रुचिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खोटं बोललीच नव्हती. काका तिला खरोखरच आठवले नव्हते.

आधीचं उत्तर खोडू नकोस, राहू दे तसंच, असं तिनं तेजलला सांगितलं. मग त्या केबिनमध्ये कुणी कधी न ऐकलेल्या बोलीत ती म्हणाली,

"देवदत्तकाकांनी चिकटवल्यांनी माका."